वाढत्या पायाची शुश्रूषा

आखूड पाय लांब करता येतो, असे मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणी सांगितले असते, तर मी त्या गृहस्थाकडे संशयाने पाहिले असते. मी १९८१ साली शिक्षक झालो. त्या काळी आमच्या वऱ्हाडातील प्रत्येक शाळेत एखाददुसरा मुलगा तरी असा असे, की जो मांडीवर हाताचा पंजा रोवून, अंग एका बाजूस झोकून चाले. बालपणी पोलिओ होऊन गेलेला असे. आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवीत असू, कवायतीतून सूट देत असू, आणि आपले कर्तव्य झाले असे समजत असू. पुढे २०११ च्या जानेवारीनंतर या देशात रानटी पोलिओचा रुग्ण आढळला नाही व २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. ती मुले आता पन्नाशीला आली आहेत. त्यांतील कित्येकांच्या पायास उपाय होता, हे आम्हा मास्तर मंडळीस ठाऊक नव्हते.

तो उपाय काय व त्यात घरच्या माणसांचे काम कोणते, याविषयी आज बोलावयाचे आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही. परंतु माझ्या नातीच्या पायाची शुश्रूषा मी सहा महिने केली, आणि त्यात एक मोठी चूकही केली. ती चूक माझ्या अधिकारातील असल्यामुळे तिच्याविषयी बोलण्यास मला कोणाची अनुज्ञा नको.

प्रथम उपायाची हकीकत सांगतो. गव्रिल इलिझारोव्ह नावाचे एक शस्त्रवैद्य दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सायबेरियातील कुर्गान प्रांती एका खेड्यात नोकरीस होते. युद्धातून आलेले मोडक्या हाडांचे सैनिक पुष्कळ, आणि साधने तुटपुंजी. त्यांनी पायाभोवती धातूची कडी बसविली, कड्यांतून हाडापार ताणलेल्या तारा घातल्या, आणि कडी एकमेकांस आटेदार दांड्यांनी जोडली. हेतू मोडलेली टोके एकमेकांवर दाबण्याचा होता. असे सांगतात की एका रुग्णाने दांडीवरील चाकी उलट्या बाजूस फिरविली, त्यामुळे टोके जवळ येण्याऐवजी दूर गेली, आणि मधल्या फटीत नवे हाड धरलेले दिसले. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, तीतील तत्त्व मात्र पक्के ठरले आहे. जिवंत हाड शिस्तीने कापून हळूहळू ताणले तर मधली जागा नव्या हाडाने भरून येते. रशियाचे उंच उडीचे खेळाडू वॅलेरी ब्रुमेल यांनी १९६४ साली टोकियोस सुवर्णपदक मिळविले व पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडून घेतला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर ते इलिझारोव्ह यांच्याकडे गेले आणि पुन्हा दोन मीटरांवर उडी मारू शकले. तरीही पश्चिमेकडे ही विद्या पोहोचण्यास १९८१ साल उजाडावे लागले. कार्लो माउरी हे इटलीचे गिर्यारोहक स्वतःचा जुना मोडका पाय घेऊन कुर्गानला गेले, बरे होऊन आले, आणि त्यांच्यामुळे इटलीच्या वैद्यांनी या वृद्ध रशियनास व्याख्यानास बोलाविले.

आपल्याला मात्र आता कुर्गानला जावे लागत नाही. आमचा वाशीम जिल्हा १९९८ पर्यंत ज्या अकोला जिल्ह्याचा भाग होता, त्याच अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांचे इलिझारोव्ह पद्धतीचे केंद्र आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळीस हे ऐकून नवल वाटेल, पण या कामी अकोला हे गाव जाणकारांस परिचित आहे.

आता घरची गोष्ट. माझ्या नातीस लहानपणी डाव्या नडगीच्या हाडात पू झाला होता. दुखणे बरे झाले, पण हाड जेथून वाढते तो भाग दुखावला. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा पाच सेंटिमीटर आखूड होता. ती चवड्यावर चाले, पाठ दुखे, आणि शाळेतील स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिचे पोट हटकून बिघडे. त्या पोटदुखीचे कारण मला उशिरा समजले. नववीची परीक्षा आटोपताच एप्रिलमध्ये अकोल्यास शस्त्रक्रिया झाली.

हिशेब असा. शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठवडाभर काही करावयाचे नसते. कापलेल्या जागी नव्या हाडाची सुरुवात होऊ द्यावयाची. मग चाकी फिरविण्यास आरंभ. दांडीचे आटे असे की चाकीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. दिवसाचा हिस्सा एक मिलिमीटर, तोही एकदम नव्हे. पाव-पाव फेरा चार वेळा. म्हणजे पाच सेंटिमीटरांस पन्नास दिवस. आणि ते झाल्यावर कडी लगेच निघत नाहीत. वाढविण्यास जितके दिवस लागले त्याच्या सुमारे दुप्पट दिवस नवे हाड कठीण होण्यास द्यावे लागतात. आम्ही सहा महिने धरले होते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा नेमल्या. चिरंजीव नोकरीस बाहेरगावी, सूनबाई दिवसभर अंगणवाडीच्या कामावर. त्यामुळे पान्याचा अधिकार माझ्याकडे आला. सदतीस वर्षे तासांची घंटा ऐकलेल्या माणसास वेळ पाळणे अवघड नव्हते. एकही फेरा चुकला नाही. वही ठेवली होती. तारीख, वेळ, चाकीचा क्रमांक, सही. त्या वहीचा मला फार अभिमान वाटे.

येथेच माझी चूक आहे. मी हाड मोजीत होतो.

हाड पान्याच्या आज्ञेत असते, स्नायू नसतात. पोटरीचा मोठा स्नायू वर गुडघ्यामागे मांडीच्या हाडास लागलेला असतो व खाली टाचेस. मधले हाड लांबले की हा स्नायू धनुष्याच्या दोरीसारखा ताणला जातो आणि दोन्ही टोके आपल्याकडे खेचू लागतो. गुडघा वाकतो, टाच वर उचलली जाते, पाऊल खाली लोंबते. मांडीचे हाड वाढवावयाचे असेल तर प्रकार निराळा. तेथे पुढचा स्नायू ताणला जाऊन गुडघा वाकेनासा होतो. म्हणून व्यायाम हवा, आणि तो रोज हवा, कारण हाड रोज वाढते. एक दिवस चुकला तर स्नायू एक मिलिमीटराने मागे पडला. चार दिवस चुकले तर चार. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी, त्यांस फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आम्हास हे इस्पितळातच सांगितले होते. टॉवेलाचा पट्टा चवड्याखाली घालून पाऊल स्वतःकडे ओढावयाचे, गुडघा मात्र ताठ ठेवून. गुडघा वाकवून ओढले तर पोटरी वरच्या टोकाकडून सैल पडते आणि सगळी मेहनत फुकट जाते. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट धरावयाचे, सावकाश सोडावयाचे, दिवसातून पाच-सहा वेळा ही आवर्तने करावयाची. रात्री पाऊल काटकोनात राहावे म्हणून कड्यास बांधलेला पट्टा.

मे महिना होता. आमच्याकडील मे म्हणजे काय हे वऱ्हाडाबाहेरच्या श्रोत्यांस सांगून कळणार नाही. पारा ४४ वर, वीज दुपारी हटकून जाते, कूलर बंद पडतो, आणि पोरीच्या पायाभोवती ती धातूची कडी. तिला झोप लागत नसे. पहिले दहा-बारा दिवस तिने व्यायाम नेटाने केला. मग एके दुपारी ती म्हणाली, "आबा, आज राहू द्या न. लय दुखते." तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "बरं पोरी, संध्याकाळी करू." संध्याकाळी शेजारची मंडळी भेटीस आली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलेच नाही आणि मीही आठवण दिली नाही. रात्री तो पट्टा काचतो म्हणून तिच्या आजीने तो सैल केला, आणि गुडघ्यास आराम पडावा म्हणून त्याखाली मऊ उशी दिली. किती साधी, किती मायेची गोष्ट! वाकलेल्या गुडघ्याखाली उशी ठेवली की दुखणे थांबते, कारण स्नायूचा ताण जातो. आणि आठ तासांच्या झोपेत दिवसभराचे सारे काम उलटते. उशी द्यावयाचीच तर ती टाचेखाली द्यावयाची असते, म्हणजे गुडघा आपल्या भाराने सरळ होतो. हे आम्हास सांगितले गेले होते. आम्ही ऐकलेही होते.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस अकोल्यास तपासणीसाठी गेलो. क्ष-किरणाच्या चित्रात अठ्ठावीस मिलिमीटरांची फट आणि तीत नव्या हाडाची धुरकट छाया सुंदर दिसत होती. मी वही पुढे केली. डॉक्टरांनी ती पाहिली, मग पाऊल हातात घेऊन वर ढकलले. ते वर येईना. काटकोनास वीस अंश कमी पडत होते. गुडघाही पुरता सरळ होत नव्हता. अंगठा वर उचलण्याची ताकद उतरली होती आणि पावलाच्या पाठीवर मुंग्या येत होत्या, म्हणजे मज्जातंतूवर ताण पडू लागला होता. मुंग्या तिला आठ दिवसांपासून येत होत्या. आबांना काळजी नको म्हणून ती बोलली नव्हती.

त्या व्यायामाच्या बाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी मला बाजूस घेऊन विचारले, "सर, पोरगं रडलं म्हणून तुम्ही त्याचा पाढा कधी सोडला होता का?" मी सोडला नव्हता. मला उत्तर देता आले नाही.

चार दिवस चाकी बंद ठेवावयाचे ठरले. त्याहून अधिक थांबणेही बरे नसते, कारण मुलांचे नवे हाड लवकर धरते आणि वेळेआधी आवळून बसले तर पुन्हा कापावे लागते. त्यानंतर निम्मी गती, दिवसास अर्धा मिलिमीटर. पुढे किती वाढवावयाचे ते हाड नव्हे, पाऊल ठरवील असे डॉक्टरांनी स्पष्ट बजाविले. परतताना मालेगावपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. मग नातच म्हणाली, "आता मी करीन. पण तुम्ही माझ्याकडं तसं पाहू नका."

"कसं?"

"लोक पाहतात तसं."

श्रोतेहो, आजाऱ्याचे मनोधैर्य टिकविण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. धीर धर, हिंमत सोडू नको, असे म्हणणारे आमच्या ओसरीवर दररोज चार-पाच येत. आणि त्याच दमात सुस्कारा टाकून, "बिच्चारी! कशाला एवढा खटाटोप केला?" असेही म्हणत. त्यांच्या येण्याने तिचे बळ वाढण्याऐवजी ओसरे. म्हणून पुढच्या आठवड्यापासून घरातील रीत बदलली. भेटीस येणाऱ्यांस संध्याकाळी सात ही वेळ दिली, आणि ती व्यायामाचीच वेळ ठेवली. आलेल्या माणसाने घड्याळ धरून सेकंद मोजावयाचे. दोनचार सुस्कारेवाले आपोआप यावयाचे थांबले. राहिले ते उपयोगी होते.

वहीतही बदल केला. चाकीच्या रकान्याशेजारी दोन नवे रकाने आले. कंपासपेटीतील कोनमापक घेऊन घोट्याचा कोन रोज रात्री मोजावयाचा, आणि पाय सरळ ठेवला असता गुडघ्याखाली किती बोटे जातात ते पाहावयाचे. हे आकडे मी नव्हे, तिने लिहावयाचे. पहिल्या आठवड्यात कोन तसूभर हलला नाही. मग दोन अंश, मग आणखी तीन. कधी एक मागे जाई. पण जो आकडा आपल्या हाताने लिहिला त्याच्याविषयी माणसास आपुलकी वाटते. पोरगी रात्री कोनमापक स्वतः मागू लागली. दुखण्याची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या आवर्तनाच्या अर्धा तास आधी देऊ लागलो, दुखून झाल्यावर नव्हे. एवढ्या साध्या फेरफारानेही पुष्कळ फरक पडला.

सर्वांत मोठी मदत झाली ती मात्र ठरवून झाली नव्हती. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या बेतात असता गल्लीतील चार लहान मुले पाढे व जोडाक्षरे म्हणावयास माझ्याकडे येऊ लागली. एक दिवस मला बँकेत जावे लागले, तेव्हा मी ती तिच्यावर सोपविली. वॉकरच्या आधाराने उभे राहून फळ्यावर लिहावे लागले. परत आलो तो पोरगी पंचवीस मिनिटे उभी होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी पायावर भार देण्यास आधीच सांगितले होते, भाराने नवे हाड बळावते. आम्हीच भीत होतो. मग सुताराकडून एक उतरती फळी करून घेतली, चवडा उंच व टाच खाली राहील अशी, आणि बाईंस दाखवून त्यांची संमती घेतली. फळ्यापाशी ती फळी ठेवली. "बे एके बे" चालू असे, आणि पोटरी आपोआप ताणली जाई. ज्या मुलीची आम्ही कीव करीत होतो तिची चार पोरे वाट पाहू लागली. एखाद्या दिवशी तिला कंटाळा आला तर मी काही बोलत नसे, ती चारच जणे दारात उभी राहून "ताई, येऊ का?" म्हणून विचारीत.

लहानसहान व्यवस्थाही सांगून ठेवतो, कारण पुस्तकांत त्या सापडत नाहीत. कड्यांवरून कपडा जात नाही. तिच्या आजीने घागऱ्याची एक शिवण उसवून तेथे चटपट बटणे लाविली. बैठ्या शौचकूपावर बसता येत नाही, म्हणून खुर्चीची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी. तारा कातडीत शिरतात त्या जागा नेमून दिल्याप्रमाणे रोज स्वच्छ कराव्या; लाली, पू किंवा नवी वेदना दिसली तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांस कळवावे. दूध, डाळी, अंडी जे घरात चालते ते भरपूर द्यावे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढीत असेल तर ती बाहेर ओढावी, आणि रुग्णाने तर मुळीच ओढू नये, कारण तंबाखूने हाड धरण्यास विलंब लागतो. आणि मुंग्या, बधिरता, बोटे न उचलणे, यांविषयी मुलांस रोज मुद्दाम विचारावे. समजूतदार मूल अशा गोष्टी लपविते.

अलीकडे केवळ उंची वाढावी या हौसेने धडधाकट तरुणही ही शस्त्रक्रिया करवून घेतात असे ऐकतो. हाडाच्या पोकळीत बसविलेली दांडी बाहेरून चुंबकाने लांबविण्याची युक्तीही निघाली आहे. बाहेर कडी नाहीत, तारा नाहीत. ज्याचा त्याचा विचार. पण स्नायूस आत दांडी आहे की बाहेर कडे, हे समजत नाही. तो तेवढाच ओढतो. आणि त्या तरुणांचे दोन्ही पाय एकदम वाढत असतात, टेकण्यास एक चांगला पाय उरलेला नसतो. त्यांनी होकार देण्यापूर्वी एखाद्या घरी जाऊन रात्री दहाची पाळी पाहून यावी, एवढेच मी म्हणेन.

आमच्याकडे २२ जूनच्या सुमारास चाकी कायमची थांबली. अर्ध्या गतीने आणखी बारा मिलिमीटर मिळाले होते. एकूण चार सेंटिमीटर. पाऊल काटकोनात आले होते, पण त्यापुढे जाईना, आणि आणखी ताणले तर मिळविलेले जाईल असे डॉक्टरांस वाटले. पाचवा सेंटिमीटर सोडून द्यावा लागला. पोळ्यास ती कुबडी घेऊन बैल पाहण्यास चौकापर्यंत गेली. दिवाळीपूर्वी कडी निघाली. त्यानंतरही काही आठवडे नवे हाड जपावे लागते, पडल्यास मोडण्याची भीती असते. ते दिवस मला आधीच्या सहा महिन्यांहून लांब वाटले.

उरलेल्या एका सेंटिमीटराने चालण्यास काही बाधा येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. तरी मी माझ्या समाधानासाठी बाजारातील चर्मकाराकडून तिच्या डाव्या बुटात घालण्यास कॉर्कचा एक तळ करवून घेतला. तिने तो महिनाभर वापरला. मग एके दिवशी पाहतो तो ओसरीवरच्या फळ्याचा हलणारा पाय टेकविण्यासाठी त्याखाली सरकविलेला. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आबा, फळा हलत होता. मी नाही हलत."

या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तिचे पोट दुखले नाही. नाचात ती दुसऱ्या रांगेत होती.